खाच बसली पाहिजे

अमेरिकेतल्या एमआयटीत नील गर्शेनफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत वस्तू घडवणारी महागडी यंत्रं होती. लेसरने कापणारी, कोरणारी, थरावर थर चढवून आकार देणारी. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ती एकेक करून शिकवण्यात दिवस जायचे. म्हणून १९९८ साली त्यांनी ठरवलं की सरळ सत्रभराचा वर्गच घेऊन टाकू, दहाएक जण येतील. वर्गाचं नाव मात्र जरा मिश्कील ठेवलं, 'जवळपास काहीही कसं बनवावं'. पहिल्या दिवशी शंभरेक विद्यार्थी दारात उभे. त्यांत जेवढे इंजिनिअर तेवढेच कलाकार आणि वास्तुकलेचे. संशोधनाला लागेल म्हणून आलेले थोडेच होते. बाकीच्यांच्या डोक्यात एखादी वस्तू घोळत होती आणि ती बाजारात मिळत नव्हती, म्हणून ते आले होते.

त्या सुरुवातीच्या वर्गातली एक वस्तू अजून सांगितली जाते. शिल्पकलेकडून आलेल्या केली डॉबसन या विद्यार्थिनीने एक पिशवी केली. तान्ह्या बाळाला पोटाशी बांधतात तशी ती छातीवर बांधायची. चारचौघांत किंचाळावंसं वाटलं की तोंड पिशवीत घालून मनसोक्त किंचाळायचं, बाहेर आवाज येत नाही. किंकाळी आत साठून राहते आणि नंतर निवांत जागी पिशवी दाबली की बाहेर पडते. ऐकून हसू येतं, पण तिला काय काय लागलं ते पाहा. आवाज दाबायचा तर कोणता थर तो शोषतो हे कळायला हवं, आणि हे ध्वनिशास्त्र झालं. साठवायचा तर सर्किट हवं, सर्किटला आज्ञा हव्यात, पिशवी दाबली हे कळायला संवेदक हवा. अंगावर नीट बसायची तर शिवण हवी. आणि मुळात माणसाला किंचाळावंसं का वाटतं आणि तो ते गिळतो का, हा प्रश्न ज्याला पडतो तो माणूस हवा. शेवटची गोष्ट इंजिनिअरिंगच्या कुठल्याच पेपरात येत नाही. पहिल्या सगळ्या एकट्या शिल्पकाराला येत नाहीत. डॉबसनबाईंनी ते सगळं एका सत्रात शिकून घेतलं, कारण त्यावाचून पिशवी होत नव्हती.

वास्तुकलेच्या मीजिन यून यांनी याच वर्गात साळिंदरासारखा झगा केला. कोणी फार जवळ आलं की त्यावरच्या तारा ताठ उभ्या राहतात. लोकलने प्रवास करणाऱ्या बायकांना त्याचा उपयोग वेगळा सांगायला नको.

अशा शिकण्याला आंतरविद्याशाखीय म्हणतात. हा जड शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने क्रेडिटची चौकट ठरली आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही ती लागू झाली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी ती रचना आहे. थिअरीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा, म्हणजे सायन्सच्या मुलाने आर्ट्स किंवा कॉमर्सकडे जायचं.

कागदावर हे चांगलंच आहे. माझी भाची वनस्पतिशास्त्राला आहे. तिला संगीताचा ओपन इलेक्टिव्ह हवा होता, मिळाला शेअर बाजाराचा, कारण टाइमटेबलात त्या तासाला तेवढाच बसत होता. तिची काही तक्रार नाही, ती आता डीमॅट खातं उघडायच्या गोष्टी करते. पण झाडांची आणि शेअरची गाठ तिच्या तीन महिन्यांत कुठे पडली नाही. दोन वह्या होत्या, शेवटपर्यंत दोनच राहिल्या. याला खरं नाव बहुविद्याशाखीय. अनेक विषय शेजारी शेजारी बसले म्हणून ते एकमेकांशी बोलतात असं नाही. आंतरविद्याशाखीय म्हणायचं तर एका विषयाचं काम दुसऱ्यावाचून अडलं पाहिजे. ते अडणं कसं घडवून आणायचं, हे त्या एमआयटीच्या वर्गाकडे पाहिलं की कळतं.

तिथला क्रम ठरलेला आहे. दर आठवड्याला एक नवं तंत्र, त्याच आठवड्यात त्याने केलेली एक वस्तू, आणि शेवटी या सगळ्या तंत्रांना पोटात घेणारा एक मोठा प्रकल्प. संगणकावर आकार काढणं, लेसरने कापणं, सर्किटची पाटी कोरणं, थ्रीडी छपाई, साचे आणि ओतकाम, संवेदक, मोटारी, जोडणी असे आठवडे सरकत जातात. कोणालाही कुठल्याच विषयात पारंगत व्हायला वेळ नाही. पुढच्या वर्गापर्यंत आपली वस्तू चालेल एवढंच शिकायचं. जे अडतं ते शेजाऱ्याला विचारायचं, आणि ज्याला काल जमलं तो आज शिकवतो.

यातला कापण्याचा आठवडा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात सगळ्या वर्गाचा जीव दिसतो. गृहपाठ असा, की पुठ्ठ्याचे किंवा प्लायवुडचे तुकडे कापा, ते एकमेकांत अडकवून वेगवेगळे आकार करता आले पाहिजेत. डिंक नाही, खिळा नाही. खाचेत खाच बसली पाहिजे.

३ मिलिमीटरचं प्लाय आहे, म्हणून मुलगा संगणकावर ३ मिलिमीटरची खाच काढतो. कापून झाल्यावर तुकडे अडकवतो, तर ते लटलट हलतात. कारण लेसर रेषेवरून जाताना थोडं लाकूड जाळून खातो. सुताराला हे सांगावं लागत नाही. करवत किती लाकूड खाते हे त्याच्या हाताला माहीत असतं, म्हणून तो रेषेच्या एका अंगाने कापतो. शिंप्याकडे याच्या उलट गोष्ट असते, तो शिवणीत जाणारं कापड आधीच जास्त धरतो. त्याला आपल्याकडे 'माया' म्हणतात. इतका सुंदर तांत्रिक शब्द दुसऱ्या कुठल्या कारखान्यात असेल असं मला वाटत नाही.

आता लेसर नेमका किती खातो? ०.२ मिलिमीटर मोजायचं तर एका कापात मोजून भागत नाही, हात चुकतो. म्हणून मुलं एक युक्ती करतात. एक लांबट चौकोन काढून त्याचे उभे दहा तुकडे करायचे. कापले की सगळे तुकडे चौकटीत एका बाजूला सरकवायचे आणि दुसऱ्या टोकाला जी फट उरते ती कॅलिपरने मोजायची. दहा तुकड्यांमधल्या ९ रेषा आणि दोन टोकांच्या २, अशा ११ रेषांनी खाल्लेलं सगळं लाकूड त्या एका फटीत जमा होतं. फट २.२ मिलिमीटर आली, तर एका रेषेचं खाणं ०.२. म्हणजे ३ मिलिमीटरच्या प्लायला खाच काढायची २.८ ची, आणि घट्ट हवी असेल तर केसभर आणखी कमी.

इथे भागाकार आला, मोजमापातली चूक वाटून कमी करण्याची शास्त्रातली जुनी रीत आली, लाकडाचा स्वभाव आला. त्याच जोडीला हेही आलं की घट्ट म्हणजे किती घट्ट? लहान मुलाला अडकवता यावं इतकं, की पुन्हा सुटू नये इतकं? हा निर्णय गणित देत नाही. तो डिझाइनचा आहे. एका खाचेत गणित, लाकूड आणि डिझाइन असे तिघं भेटले, आणि कोणी त्यांची ओळख करून दिली नव्हती.

या आठवड्यानंतर मुलं आकडा सरळ लिहीत नाहीत. संगणकावर जाडी आणि लेसरचं खाणं अशी दोन नावं ठेवतात आणि खाच त्यांच्या वजाबाकीने काढतात. उद्या प्लाय बदललं, यंत्र बदललं, तर दोन आकडे बदलले की सगळं चित्र आपोआप जुळतं. शाळेत 'क्ष मानू' म्हणताना ज्यांना झोप यायची, त्यांना इथे क्ष कशाला मानायचा ते कळतं.

सर्किट कोरण्याच्या आठवड्यात हवा निराळी. तांब्याचा पातळ थर चिकटवलेल्या पाटीवरून ०.४ मिलिमीटरचं टोक फिरवायचं आणि नको तेवढं तांबं काढून टाकायचं. ते टोक सुईहून नाजूक, जरा जास्त खोल गेलं की पटकन तुटतं. साच्याचा आठवडा मात्र मला फार आवडतो. आधी मेणात आकार कोरायचा, त्यावर रबर ओतून साचा काढायचा आणि साच्यातून हवे तेवढे नग काढायचे. उलट्याचं सुलटं आणि सुलट्याचं उलटं, असा दोनदा विचार करावा लागतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात वाढलेल्या पोराला हे कोणी शिकवायची गरज नाही. आपल्या विद्यापीठांत ते शिल्पकलेच्या इमारतीत एक भाग आणि मेकॅनिकलच्या इमारतीत दुसरा भाग, असं शिकवलं जातं.

आणि मग आढावा. हा या पद्धतीचा कणा आहे, आणि नक्कल करणारे नेमका हाच सोडतात. विद्यार्थ्याने दर आठवड्याचं काम आपल्या पानावर लिहायचं, फोटोंसकट. काय केलं, कसं केलं आणि काय बिघडलं. वर्गात कोणाचं नाव निघेल ते आधी कळत नाही. नाव निघालं की सगळ्यांसमोर आपलं पान उघडून बोलायचं. मोडलेलं टोक, सैल खाच, सगळं तिथे दिसतं. लपवून उपयोग नाही, कारण पुढच्या वर्षीची मुलं तीच पानं वाचून सुरुवात करणार. आपल्या प्रात्यक्षिकाच्या जर्नलची इथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आम्ही ती मागच्या बॅचची उतरवायचो. पण त्यांत कोणाचाच प्रयोग कधी फसलेला नसायचा, त्यामुळे उतरवून शिकण्यासारखंही काही नसायचं.

२००९ पासून याच अभ्यासक्रमाची जगभर पसरलेली आवृत्ती निघाली. तिला फॅब अॅकॅडमी म्हणतात. यंत्रं आणि मार्गदर्शक ज्या त्या गावात, व्याख्यान आणि आढावा बुधवारी सगळ्यांचा एकत्र, पडद्यावर. एमआयटीत सकाळचे नऊ वाजलेले असतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. मार्चमध्ये तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि इकडचा वर्ग साडेसहाला येतो. शेवटच्या प्रकल्पाला प्रश्न ठरलेले आहेत. हे काय करतं? आधी कोणी असं काही केलंय का? कुठलं साहित्य लागलं, ते कुठून आणलं, किती पडलं? कोणते भाग तुम्ही स्वतः घडवले? काय चाललं, काय नाही चाललं? 'किती पडलं' हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. विद्यापीठात खर्च विचारणं कमीपणाचं समजतात.

हा प्रश्न आपल्याकडे त्याच्याही आधीपासून विचारणारी एक जागा होती, आणि ती विद्यापीठ नव्हती. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. अवर्षणाचा भाग. अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेतलेले आणि हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेल्या मुलांसाठी त्यांनी वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम बांधला. त्याचे चार विभाग होते, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, आणि शेती-पशुपालन. मुलांनी आळीपाळीने सगळे करायचे. वेल्डिंग करणाऱ्या मुलाने रक्तगट तपासायला शिकायचं, माती तपासणाऱ्याने विजेची जोडणी करायची. गावात लागणारी खरी कामं घ्यायची आणि प्रत्येक कामाचं चित्र काढायचं, अंदाजपत्रक करायचं. करत करत शिकणं ही त्यांची पद्धत होती. तिचं शाळेतलं रूप, 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख', पुढे राज्यातल्या कितीतरी माध्यमिक शाळांत गेलं.

गर्शेनफेल्ड स्वतः शाळेत हुशार होते, म्हणून त्यांना हस्तव्यवसायाच्या शाळेत जाऊ दिलं नाही, याची सल ते सांगतात. हुशार पोरांनी वर्गात बसायचं आणि बाकीच्यांनी यंत्राशी झटायचं, ही विभागणी त्यांना कधी पटली नाही. आपल्याकडे तीच विभागणी आयटीआय, डिप्लोमा आणि डिग्री अशा पायऱ्यांनी घातलेली आहे. गर्शेनफेल्ड आणि कलबाग एकमेकांना सापडले यात नवल नाही. २००२ साली एमआयटीच्या आवाराबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे असल्या यंत्रांच्या कार्यशाळांपैकी, एक पाबळला उभी राहिली. तिथल्या गरजा तशा साध्या होत्या. डिझेल इंजिनाचं टायमिंग मोजता यावं, दुधाची प्रत तपासता यावी. त्यासाठीची उपकरणं बाजारात होती ती शहरातल्या भावाने. पाबळकरांना ती आपल्या भावात आणि आपल्याला दुरुस्त करता येतील अशी हवी होती. कलबाग २००३ मध्ये गेले. लॅब चालू आहे.

पाबळची आणखी एक ओळख म्हणजे घुमट. त्रिकोणांनी बांधलेला, आत खांब नसलेला. असल्या घुमटाचा एक सोपा प्रकार घेऊ. बाहेरून पाहिलं तर वाटतं, याला किती निरनिराळ्या मापांच्या नळ्या लागल्या असतील! पण मापं दोनच. घुमटाची त्रिज्या ३ मीटर असेल तर लांब नळी १.८५ मीटरची आणि आखूड १.६४ मीटरची. लांब ३५, आखूड ३०, आणि त्या जोडायला २६ सांधे. एवढ्यात ४० त्रिकोण उभे राहतात. त्रिकोणच का? चार काठ्यांचा चौकोन करून कोपऱ्यावर दाबा, तो तिरका होतो. तीन काठ्यांचा त्रिकोण काठी मोडल्याशिवाय आकार बदलत नाही. भूमितीच्या पुस्तकात त्रिकोणाच्या एकरूपतेची 'बाबाबा' कसोटी असते ती हीच, तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. नववीत नापास झालेला मुलगा नळ्या कापतो, टोकं चेपतो, भोकं पाडतो. दोन ढीग एकमेकांत मिसळले तर वर चढल्यावर घुमट मिटत नाही, शेवटची नळी कुठेच बसत नाही. मग सगळं उतरवून पुन्हा मोजायचं. बाबाबा त्याच्या पक्की लक्षात राहते.

याचा अर्थ यंत्र आणून ठेवलं की झालं असा कोणी घेऊ नये. उलट यंत्रामुळे एक वेगळाच रोग लागतो. अमेरिकेतले शिक्षणशास्त्रज्ञ पाउलो ब्लिकस्टाइन शाळांमधून अशा प्रयोगशाळा चालवत होते. लेसरवर सुबक कीचेन निघते हे कळल्यावर मुलं कीचेनच करत बसली. मेहनत थोडी, कौतुक भरपूर. त्यांनी याला कीचेन विकार असं नावच दिलं. मी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात टेबलभर मांडलेल्या थ्रीडी छापलेल्या किल्ल्यांच्या कीचेन पाहिल्या आहेत. बुरूज सुरेख होते. तो कुठला किल्ला, हे मात्र मुलांना सांगता आलं नाही, फाइल डाउनलोड केलेली होती. अशा वेळी शिक्षकाने कीचेन काढून घ्यायची नसते, काम वाढवायचं असतं. याच किल्ल्यावर पावसाचं पाणी कुठून उतरतं आणि टाक्यांत कसं जातं, ते दाखवणारं मॉडेल करा, वरून खरं पाणी ओतून दाखवा. इतिहास, भूगोल आणि उतारांचं गणित मग तिथून हलूच शकत नाही.

आपल्या महाविद्यालयांत असा वर्ग का उभा राहत नाही, याचं कारण बहुतेक वेळा पैसा नसतो. ते स्टाफरूममध्ये कुजबुजत सांगितलं जातं: वर्कलोड. प्राध्यापकांची पदं विभागाच्या तासांवर ठरतात. चार क्रेडिटचा प्रात्यक्षिक वर्ग म्हणजे १२० तास. ते भौतिकशास्त्राच्या खात्यात धरायचे की चित्रकलेच्या? दोन शिक्षक एकाच वेळी वर्गात उभे राहिले तर तास कोणाचा? अर्धा-अर्धा धरला तर दोघांचंही नुकसान, म्हणून प्रत्येक विभाग आपला वेगळा ओपन इलेक्टिव्ह काढतो आणि आपले तास आपल्याकडे ठेवतो. धोरणाचा हेतू कितीही मोकळा असला तरी टाइमटेबल विभागांच्या भिंतींवरच टांगलेलं असतं. ज्या महाविद्यालयाने हे सोडवायचं मनावर घेतलं, त्याने पहिल्यांदा हा हिशेब लिहून काढावा. दोन्ही शिक्षकांना पूर्ण तास धरायचे, आणि गुण दोघांनी मिळून एकाच वस्तूला द्यायचे. तुझे पन्नास, माझे पन्नास अशी वाटणी झाली की मुलं लगेच वस्तूचे दोन भाग करतात.

बाकी सुरुवातीला लेसर लागत नाही. रद्दीवाल्याकडून फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणावा, स्टेशनरीच्या दुकानातून कटर आणि पोलादी पट्टी. कटरचं पातं पुठ्ठा खात नाही, बाजूला सारतं, तेव्हा वजाबाकीची कटकट नाही. पण पुठ्ठा बोटाने दाबला जातो, म्हणून खाच काढताना जाडीपेक्षा केसभर कमीच धरायची.